कोळिंजन, दहा महिने आणि एक वॉचग्लास

दादा कीर्तनाला उभे राहायच्या आधी बंडीच्या खिशातून पितळेची डबी काढायचे. आत तांबूस-तपकिरी, अंगावर कडी असलेले मुळाचे तुकडे. त्यातला एक गालात धरायचा आणि मग मृदंगवाल्याकडे बघून मान हलवायची. एकदा त्यांचा घसा बसला म्हणून आईने त्याचा काढा उकळायला घेतला, तर चिडले. "कोळिंजन उकळायचं नसतं, धरायचं असतं." मी तेव्हा सातवीत असेन. एक तुकडा चोरून चावलाही होता. आधी कापरासारखा वास, मग आल्यासारखा चटका आणि नंतर बराच वेळ बधिरलेली जीभ.

तेच कोळिंजन ८ जुलै २०२४ ला पुन्हा माझ्यासमोर आलं. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, नाशिकच्याच एका कॉलेजात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातली मुलं मला ताई म्हणतात, ऑफिसातला क्लार्क पालक समजतो. त्या दिवशी प्रोजेक्टचे विषय ठरायचे होते: एक वनस्पती निवडायची आणि तिचा अर्क जंतूंना रोखतो का ते बघायचं. माझ्या आधीच्या सात जणांनी हळद सांगितली, तिघांनी तुळस. मॅडम वैतागल्या होत्या. "आता हळद सोडून काहीही आणा." मी आलं म्हटलं, तर ते गेल्या वर्षी झालेलं. मग तोंडातून निघून गेलं, "कोळिंजन." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे नेमकं कोणतं?"

या प्रश्नाचं उत्तर मिळायला ऑक्टोबर उजाडला. पुढे कुणी औषधी वनस्पतीवर प्रोजेक्ट घेणार असेल तर हा टप्पा आधी वाचा. आमच्यातल्या बहुतेकांचा वेळ जंतूंनी खाल्ला नाही, तो नावाने खाल्ला.

पहिल्याच शनिवारी रविवार कारंज्याजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो आणलं. दीडशे रुपये. दुकानदार म्हणाले, "गाणारे लोक नेतात, एक नंबर आहे." घरी वर्तमानपत्रावर पसरलं तर दोन प्रकारचे तुकडे दिसले. काही अंगठ्याएवढे जाड, काही करंगळीहून बारीक आणि जास्त लालसर. कोळिंजन या एका नावाखाली बाजारात निदान दोन वनस्पती फिरतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एक अल्पिनिया गॅलंगा, म्हणजे थोरलं कोळिंजन. थायलंडमध्ये सुपात घालतात ते हेच. दुसरी अल्पिनिया ऑफिसिनॅरम, मूळची चीनकडची, धाकटी. दोन्ही आलं-हळदीच्याच कुळातल्या. आणि आपण मूळ म्हणत असलो तरी ते मूळ नव्हे, जमिनीखालचं आडवं खोड आहे. तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो, मलाही आला.

विषयाच्या अर्जावर सहा सह्या लागल्या आणि चौदा दिवस. २९ जुलैला पहाटेची पुण्याची एसटी धरली (महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार). पुण्यातल्या एका कार्यालयात वनस्पतीची ओळख पटवून प्रमाणपत्र मिळतं असं कळलं होतं. माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत वाळलेले तुकडे. खिडकीपलीकडच्या बाईंनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. "फूल कुठे आहे? हर्बेरियम शीट कुठे आहे? कॉलेजचं पत्र?" पत्र होतं, बाकी काही नव्हतं. नुसत्या वाळक्या तुकड्यावरून वनस्पतीची जात खात्रीने सांगता येत नाही. पान, फूल आणि जमिनीखालचा भाग असा एकत्र, दाबून वाळवून कागदावर लावलेला नमुना लागतो, तीच हर्बेरियम शीट. त्यांचं बरोबरच होतं. पण पाच तासांचा प्रवास करून दहा मिनिटांत परत फिरलं की बरोबर-चूक काही सुचत नाही. नारायणगावला बस थांबली तेव्हा घरच्यांना फोन केला आणि म्हटलं, "अहो, मी हळदच घेते."

हळद घेतली नाही, कारण दुसऱ्या दिवशी मॅडमनीच एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या बागेचा पत्ता दिला. तिथे थोरल्या कोळिंजनाचा माझ्या डोक्यापेक्षा उंच ताटवा होता, आणि नशिबाने फुलोरा आलेला. हिरवट पांढरी बारीक फुलं, पाकळीवर तांबूस रेघा. पण उपटायची परवानगी प्राचार्यांच्या सहीने, आणि प्राचार्य दौऱ्यावर. पत्र दिलं ५ ऑगस्टला, सही मिळाली १४ तारखेला. या नऊ दिवसांत मी रोज संध्याकाळी फुलं गळली का ते बघून यायचे. तिथल्या माळीदादांनी शेवटी विचारलं, "बाई, लग्नाला न्यायचीयत का?"

नमुना दाबून वाळवणं हे वाचायला सोपं आहे. ऑगस्टमधल्या नाशिकच्या भुरभुरीत ते करून बघा. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवलेलं पान दुसऱ्या दिवशी ओलं, तिसऱ्या दिवशी बुरशी. पहिली दोन्ही शीट्स गेली. दुसऱ्या वेळी रोज सकाळ-संध्याकाळ कागद बदलले, वर पाट आणि पाटावर मुलीची बारावीची सगळी पुस्तकं. फुलं वेगळी, छोट्या कागदी पाकिटात ठेवली. लेबलवर गाव, तारीख, स्थानिक नाव, वेचणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. सुई-दोऱ्याने शिवलं तर शीट नीट राहते, चिकटपट्टी काही महिन्यांत पिवळी पडते.

जमिनीखालचा भाग १ किलो ६०० ग्रॅम मिळाला. धुऊन, पातळ चकत्या करून सावलीत वाळवला, हाती आला तीनशे ग्रॅमला थोडा कमी. अकरा दिवस लागले; शेवटचे दोन दिवस कॉलेजच्या ओव्हनमध्ये ४० अंशांवर. त्याहून जास्त तापवू नका, वासाबरोबर बरंच काही उडून जातं.

२३ सप्टेंबरला पुन्हा पुणे, यावेळी दोन शीट्स घेऊन. प्रमाणपत्र सोळा दिवसांनी आलं: अल्पिनिया गॅलंगा. तो कागद मी देवापुढे ठेवला होता, हे सासूबाईंनी पाहिलं आणि काही विचारलं नाही. दुकानातल्या तुकड्यांबद्दल मॅडम म्हणाल्या, "त्याचं भजन करा, प्रोजेक्टमध्ये घेऊ नका."

याच काळात जंतूंची मागणी नोंदवली. विभागाच्या फ्रिजमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूची नळी होती, पण तिच्यावर कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात फक्त 'स्टॅफ' लिहिलेलं. बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न विचारतात, 'कल्चर (म्हणजे जंतूचं वाण) कुठलं, क्रमांक काय?' म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहाकडे, एनसीआयएमकडे, रीतसर अर्ज केला. कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीने, पैसे आधी भरून. एक करा: पार्सलवर विभागाबरोबर स्वतःचा मोबाइल नंबरही द्या. मी दिला नाही. पार्सल आलं दिवाळीच्या सुट्टीत, वॉचमनकाकांनी ते घेऊन टेबलाच्या खणात ठेवलं, पणत्यांच्या खोक्याशेजारी. मला कळलं पाचव्या दिवशी. पाडव्याला ओवाळणी उरकली आणि स्कूटीवरून जाऊन ते फ्रिजमध्ये टाकलं. सुदैवाने जंतू जिवंत होते.

त्याआधी ऑक्टोबरात अर्क काढून झाला होता. सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण असतं. खाली मिथेनॉल उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, पुडीतल्या भुकटीवर टपकते, भरली की पुन्हा खाली. आठ तास हे चक्र. वाफ थंड करायला नळाचं पाणी सतत सोडावं लागतं आणि आमच्या मजल्यावर दुपारी पाणी नसतं. लॅबच्या मामांनी यावर कधीचा तोडगा काढलेला: बादलीत बर्फ आणि कूलरचा पंप. पंप साडेतीनशे रुपयांचा, आता तो विभागाचा झाला आहे. मिथेनॉल विषारी, पेट घेणारं, त्यामुळे उघडी ज्योत नाही, खिडक्या उघड्या. मिथेनॉल उडवल्यावर तळाशी डांबरासारखा चिकट गडद अर्क उरला, वास दादांच्या डबीचा.

त्यात काय काय आहे हे बघायच्या प्राथमिक चाचण्या दोन दिवसांत होतात. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की हिरवट-काळा रंग, म्हणजे फिनॉल वर्गातले पदार्थ. मॅग्नेशियमची फीत आणि तीव्र आम्ल टाकलं की गुलाबी, म्हणजे फ्लॅव्होनॉइड. धाकट्या कोळिंजनातल्या अशाच एका पदार्थाला गॅलंगिन हे नावच या मसाल्यावरून पडलंय. अल्कलॉइडच्या चाचणीत द्रावण गढूळ झालं की नाही यावर आमच्या टेबलावर तीन मतं पडली. शेवटी 'नाही' लिहिलं. शंका असेल तर 'आहे' लिहायचा मोह होतो, कारण 'आहे'च्या खुणा जास्त असल्या की तक्ता भरगच्च दिसतो.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यामुळे मॅडम आणि मामा दोघंही आठवडाभर निवडणुकीच्या कामाला. पहिल्या प्लेट्स लावल्या २५ ला. आगरच्या जेलीसारख्या थरावर जंतू सारखे पसरायचे, त्यात ६ मिलिमीटरची भोकं पाडायची, भोकात अर्क. रात्रभर ३७ अंशांवर. अर्क काम करत असेल तर भोकाभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल राहतो, तो मोजायचा.

सकाळी साडेसातला मी लॅबच्या कुलपासमोर उभी होते. ऑरियसच्या प्लेटवर गोल १० मिलिमीटर. म्हणजे भोक वजा केलं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर काहीच नाही, स्यूडोमोनास या तिसऱ्यावरही नाही. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे, ज्या डीएमएसओ द्रावकात अर्क विरघळवला होता त्याच्या एकट्याच्या भोकाभोवतीही ८ मिलिमीटरचा गोल. म्हणजे माझ्या दहापैकी किती कोळिंजनाचे आणि किती द्रावकाचे? शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा गोल तिसाच्या पुढे, ताटलीएवढा. मी डबा खाल्ला नाही. तिसऱ्या सत्राचं सादरीकरण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. ते मी एक प्रमाणपत्र आणि एका फसलेल्या प्लेटच्या जोरावर पार पाडलं. गुण ठीक मिळाले. फसलेली प्लेट लपवू नका, तिच्यावरच जास्त प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं आपल्याला खरोखर येत असतात.

मग मॅडमनी मला शोधनिबंध वाचायला बसवलं. थोरल्या कोळिंजनातला तिखट चटका देणारा मुख्य पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटॉक्सिचॅविकॉल अ‍ॅसिटेट, लाडाने एसीए. तो बुरशीला रोखतो हे १९८५ सालीच छापून आलेलं. २००६ मध्ये थायलंडच्या एका गटाने दाखवलं की कोळिंजनाच्या इथेनॉल अर्काने ऑरियसची वाढ मिलिलिटरला ०.३२५ मिलिग्रॅम इतक्या प्रमाणात थांबते, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या जंतूंची पटलं बिघडलेली दिसतात. आणखी एका ठिकाणी वाचलं की हा रेणू नाजूक आहे. पाणी आणि उष्णता मिळाली की तुटतो, वेगळाच होऊन बसतो.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. आठ तास उकळत्या मिथेनॉलमध्ये ठेवलं होतं मी त्याला. कोळिंजन उकळायचं नसतं, धरायचं असतं.

आता इथे भावुक होऊन दादांना सगळं ठाऊक होतं असं लिहिणं सोपं आहे. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की उकळलं की चटका जातो. पण चटका म्हणजेच तो रेणू, त्यामुळे जिभेने केलेलं निरीक्षण बरोबर होतं. घशाला त्याने काय होतं हे माझ्या प्लेटवरून कळत नाही.

डिसेंबरात नव्याने सुरुवात. भुकटी इथेनॉलमध्ये बुडवून, बाटलीला काळा कागद गुंडाळून तीन दिवस नुसती ठेवली, अधूनमधून हलवली, गाळली, आणि इथेनॉल ४० अंशांच्या आत कमी दाबाखाली उडवलं. त्यासाठी लागणारं रोटरी उपकरण आमच्याकडे नाही, शेजारच्या फार्मसी कॉलेजातल्या सरांनी विनंतीपत्रावर दोन दुपारी वापरू दिलं. आणि जानेवारीत एके सकाळी डीएमएसओची बाटली उचलली तर आत दगड. मला वाटलं कुणीतरी खराब केली. ते द्रावक साडेअठरा अंशांखाली गोठतं आणि आपल्याकडच्या थंडीत लॅब पहाटे त्याच्या कितीतरी खाली असते. कोमट पाण्यात बाटली ठेवली, दहा मिनिटांत पूर्ववत. पुस्तकात हे असतं, पण वाचताना आपल्या लॅबमध्ये असं होईल असं वाटत नाही. यावेळी डीएमएसओ दहा टक्क्यांवर आणलं, एकट्याचा गोल शून्य.

२१ जानेवारी २०२५. ऑरियसवर १९ मिलिमीटर. मी पट्टी उलटी करून पुन्हा मोजलं. मामांना बोलावलं, त्यांनीही मोजलं. पुढच्या दोन वेळेला १८ आणि १९. त्याच प्लेटवर जुना सॉक्सलेटचा अर्क, तोही दहा टक्के डीएमएसओतच: ९.

ई. कोलाय आणि स्यूडोमोनास शेवटपर्यंत बधले नाहीत. त्यांच्याभोवती बाहेरून आणखी एक पटल असतं आणि कोळिंजनातल्यासारखे तेलकट रेणू त्यातून सहज आत जात नाहीत. कितीतरी मसाल्यांच्या बाबतीत हेच दिसतं. तेलकट पदार्थ आगरमध्येही नीट पसरत नाहीत, त्यामुळे नुसत्या गोलावर विसंबू नये म्हणून फेब्रुवारीत ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये किमान रोधक प्रमाण, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढलं. प्रत्येक खळ्यात अर्क निम्मा-निम्मा होत जातो, शेवटी रेझाझुरिन रंग टाकायचा. जंतू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं. निळा रंग टिकला तो शेवटचा खळा मिलिलिटरला ०.६२५ मिलिग्रॅमचा. हे थायलंडच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे माझा अर्क साधारण निम्म्या ताकदीचा, पहिलटकरणीला ठीक.

आता या आकड्याचा खरा अर्थ. सिप्रोफ्लॉक्सासिन ऑरियसच्या साध्या वाणाला मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आतच रोखतं. माझ्या अर्काला त्यासाठी ६२५ मायक्रोग्रॅम लागले. माझा अर्क कच्चा आहे, त्यात दहावीस पदार्थांची खिचडी, हे मान्य. तरी प्लेटवरच्या गोलाचा फोटो टाकून 'आजीबाईचं अँटिबायोटिक' लिहिणाऱ्यांनी हा फरक एकदा पाहावा. माझ्या जावेने तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दोन नातेवाईकांनी डोस विचारला. मी त्यांना डॉक्टरकडे जा म्हटलं, त्यांना राग आला.

मार्चमध्ये लिखाण. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत (अर्कातले पदार्थ वेगळे करून बघायची पद्धत) एक ठळक डाग मिळाला होता, पण तो एसीएच आहे हे म्हणायला शुद्ध नमुना हवा, आणि त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवला. म्हणून प्रबंधात 'असावा' लिहिलं. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य निघालं ३४ टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत चालतं. माझ्या चाचण्यांच्या पद्धतींचं इंग्रजी जगातल्या प्रत्येकाच्या इंग्रजीसारखंच होतं. तो भाग मी आधी मराठीत स्वतःला सांगितला आणि मग पुन्हा इंग्रजीत लिहिला. ९ टक्के. ही युक्ती वर्गातल्या चौघांना उपयोगी पडली.

खर्च एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास झाला. त्यात पुण्याच्या दोन खेपा, प्रमाणपत्र, कल्चर, रसायनांतला माझा वाटा आणि चार प्रती बांधून घेणं हे सगळं आलं. बांधणीचे पैसे आधी विचारून घ्या, एप्रिलमध्ये दर वाढतात.

तोंडी परीक्षा १७ एप्रिलला. परीक्षकांनी अर्धा वेळ प्रमाणपत्र आणि हर्बेरियम शीटवर घालवला. क्रमांक काय, नमुना कुठे ठेवलाय, फूल कोणत्या महिन्यात घेतलं. जुलैतला तो 'नेमकं कोणतं' पुन्हा समोर होता, यावेळी मात्र उत्तर होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "गायक हे का खातात?" मी म्हटलं, "सर, चटक्याने लाळ सुटते एवढं मी चावून पाहिलंय. बाकी मी तपासलं नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा विद्यार्थी बोलावला.

उरलेल्या प्लेट्स मामांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, टाकल्या, १२१ अंशांवर. मग राहिला ना-हरकत फॉर्म: ग्रंथालय, ऑफिस, जिमखाना, लॅब. जिमखान्याची पायरी मी आयुष्यात चढले नव्हते, तरी तिथलीही सही लागते. लॅबची सही अडली. नोंदवहीत माझ्या नावावर चार वॉचग्लास (काचेच्या उथळ बशा), जमा तीनच. २ मेच्या उन्हात दुकान शोधून पंचेचाळीस रुपयांचा वॉचग्लास आणला. मामांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, कपाटात ठेवला, सही केली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या त्या मुळाचे दोन तुकडे उरलेत का? आमच्या भजनी मंडळात एकाचा घसा बसलाय."

दुकानातली पाव किलोची पुडी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी त्यातले जाड तुकडे निवडून दिले. बारीक अजून तिथेच आहेत.